बर्फाच्या डोंगरात जमीन घ्यायची असेल तर : ठाणेकरांसाठी काही पायऱ्या

मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली की ठाण्यातली अनेक कुटुंबे नैनिताल, मनाली नाहीतर मुक्तेश्वर गाठतात, आणि त्यांतले कोणी ना कोणी परतताना एखाद्या जमीन-दलालाचे कार्ड पाकिटात घेऊन येते. २०२२ च्या मे महिन्यात ते कार्ड माझ्या पर्समध्ये होते. मी आणि माझे पती चरईतल्या दोन खोल्यांतून निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने तरी डोंगरात राहावे, असे म्हणत होतो. प्रत्यक्ष जमीन नावावर व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. त्या जवळजवळ तीन वर्षांत आम्ही ज्या चुका केल्या, त्यांतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच होते : आम्ही आधी जमीन पाहिली आणि मग कायदा, ऋतू आणि कागद पाहिले. हा क्रम उलटा करावा म्हणून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत.

१. आधी राज्य ठरवा, कारण राज्याबरोबर कायदा ठरतो

मुरबाड-शहापूरकडे शेतजमीन शोधलेल्या कोणालाही दोन गोष्टी माहीत असतात : महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीला घेता येत नाही. हिमालयातल्या राज्यांत असेच निर्बंध आहेत, फक्त ते अधिक कडक आहेत आणि प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत.

हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याचे कलम ११८ आड येते. या कलमानुसार बिगरशेतकऱ्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही, आणि इथेच मराठी माणूस फसतो. माझ्या पतींचे नाव संगमेश्वर तालुक्यातल्या सातबाऱ्यावर आहे. एका दलालाने आम्हाला छातीठोकपणे सांगितले की, 'तुमचा सातबारा चालेल.' तो चालत नाही. त्या कायद्यात शेतकरी म्हणजे हिमाचलातच जमीन असणारा आणि ती स्वतः कसणारा. तुमच्याकडे साताऱ्यात पन्नास एकर बागाईत असली, तरी शिमल्यात तुम्ही बिगरशेतकरीच. घरासाठी साधारण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेची परवानगी मागता येते, पण तो अर्ज जिल्ह्यातून थेट राज्य सरकारपर्यंत जातो, आणि परवानगी मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत त्या जागेचा ठरलेलाच वापर करावा लागतो. हाताशी वेळ आणि चिकाटी असेल, तरच ही वाट धरावी.

उत्तराखंडात राज्याबाहेरच्या माणसाला नगरपालिका हद्दीबाहेर राहत्या घरासाठी २५० चौरस मीटरपर्यंत जमीन घेता येते. ही मर्यादा २००३ साली ५०० चौरस मीटर होती, ती २००७ साली निम्मी झाली. आम्ही खरेदी केल्यानंतर, २०२५ च्या दुरुस्तीने नियम आणखी आवळले गेले : हरिद्वार आणि उधमसिंह नगर हे दोन जिल्हे सोडून उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतीची आणि फळबागेची जमीन घेता येत नाही, आणि घरासाठीचे २५० चौरस मीटरही एका कुटुंबाला एकदाच, तेही शपथपत्र देऊन. नवऱ्याच्या नावे एक आणि बायकोच्या नावे दुसरा असे दोन तुकडे जोडून घेण्याची युक्ती पूर्वी सर्रास सांगितली जात असे. ती आजही कोणी सांगत असेल, तर त्या माणसाशी पुढचे बोलणे थांबवावे.

जम्मू-काश्मीरमध्ये २०२० च्या बदलांनंतर बिगरशेती जमिनीसाठी अधिवासाची अट राहिली नाही. शेतजमीन मात्र तिथल्या शेतकऱ्यांसाठीच राखीव आहे. सिक्कीम आणि अरुणाचल प्रदेश यांचा विचार बाहेरच्याने मालकीहक्कासाठी करूच नये.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे 'स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, तुम्हाला मुखत्यारपत्र देऊ' हा प्रस्ताव. हा सरळसरळ बेनामी व्यवहार आहे. हिमाचलात कलम ११८ चा भंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि ज्याच्या नावावर ती आहे त्याने उद्या हात वर केले तर दाद मागायला तुमच्याकडे तोंड राहत नाही.

आम्ही शेवटी उत्तराखंडातला कुमाऊँ भाग निवडला, म्हणून इथून पुढचे बहुतेक तपशील तिथले आहेत.

२. मापे समजून घ्या

महसुली भाषा बदलली की आपले गुंठ्यांतले गणित कोलमडते. कुमाऊँ-गढवालमध्ये जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, अर्थात जवळजवळ आपले दोन गुंठे. एका नालीच्या १६ मुट्ठी होतात. हिमाचल आणि जम्मूकडे कनाल आणि मरला ऐकू येतात : जम्मूकडे एक कनाल ५,४४५ चौरस फुटांचा, म्हणजे बरोबर पाच गुंठ्यांचा, आणि त्याचे २० मरले. बिघा मात्र भागाभागाला बदलतो, म्हणून बिघ्यात भाव सांगितला गेला की लगेच चौरस मीटरमध्ये लिहून मागावा.

यातला हिशेब केवळ कुतूहलाचा नाही. २५० चौरस मीटर म्हणजे जेमतेम सव्वा नाली. 'सुंदर दोन नालीचा प्लॉट' अशी जाहिरात तुम्हाला कोणी दाखवली, तर तो ४०० चौरस मीटरचा आहे आणि तुमच्या मर्यादेबाहेरचा आहे, हे तिथल्या तिथे कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट उताराची. सरकारी नकाशातले क्षेत्र आडव्या सपाटीवर मोजलेले असते. दलाल उतारावर फीत टाकून दहा मीटर दाखवतो, तेव्हा ३० अंशांच्या उतारावर ते कागदावर ८.६६ मीटरच भरतात.

३. उंची आणि उताराची दिशा

सर्वसाधारणपणे दर १,००० मीटर चढले की तापमान साडेसहा अंशांनी उतरते. मुक्तेश्वर सुमारे २,२८५ मीटरवर आहे. शिमला आणि मुनस्यारी साधारण २,२०० च्या आसपास. या उंचीवर हिवाळ्यात बर्फ पडतो, पण दर वर्षी सारखा पडेलच असे नाही. बर्फाची हौस असलेले लोक आणखी वर जायला बघतात. वर्षातले काही महिने राहायचे असेल, तर मला १,८०० ते २,२०० मीटरचा पट्टा शहाणपणाचा वाटतो, कारण तिथे बर्फ पाहायला मिळतो आणि त्याखाली अडकून पडण्याचे दिवस थोडे असतात.

उंचीपेक्षाही महत्त्वाची आहे ती दिशा. ठाण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. नैनितालच्या अक्षांशावर तो ३७ अंशच चढतो. म्हणजे तुमच्या जागेच्या दक्षिणेला उंच धार उभी असेल, तर मे महिन्यात लख्ख दिसणारी जागा डिसेंबरात दिवसभर सावलीत राहू शकते. उत्तरेकडे उतरणाऱ्या जमिनीवरून हिमशिखरे दिसतात, नंदादेवी आणि त्रिशूल थेट अंगणातून दिसतात, आणि नेमक्या त्याच जमिनीवर पडलेला बर्फ आठवडाभर वितळत नाही. दृश्य विकणाऱ्याला हे सांगायची गरज वाटत नाही. कुमाऊँनी माणूस जागा पाहताना 'घाम' किती वेळ येतो असे विचारतो. तिकडे घाम म्हणजे ऊन. आणि 'इथे पाला फार पडतो' असे कोणी म्हणाले, तर झाडांची पाने पडतात असे समजून आमच्यासारखे हसू नये, कारण पाला म्हणजे दवाचे गोठलेले थर, ज्यावर गाडी घसरते.

४. एकच जागा तीन ऋतूंत पाहा

मी कोणाला एकच सल्ला देऊ शकत असते, तर हाच दिला असता. रजा, तिकिटे आणि काठगोदामपासून पुढचा घाटातला प्रवास जमेस धरला तर तीन फेऱ्या महाग पडतात, पण त्या चुकीच्या जमिनीपेक्षा पुष्कळ स्वस्त आहेत.

पहिली फेरी जानेवारीत करावी. बर्फ पडल्यावर रस्ता किती दिवसांनी मोकळा होतो, वीज किती तास जाते, नळाचे पाणी पाइपात गोठते का, आणि गावातली किती घरे हिवाळ्यात उघडी असतात, हे तेव्हाच दिसते. आम्हाला आवडलेल्या एका वाडीत मे महिन्यात चौदा घरांतून धूर येताना दिसला होता; जानेवारीत तो तीनच घरांतून येत होता, बाकीची मंडळी हल्द्वानीला उतरली होती. दोन साठी ओलांडलेल्या माणसांनी तिथे राहणे बरे नव्हे, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही.

दुसरी फेरी मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, आणि ती फक्त पाण्यासाठी. गावात धारा किंवा नौला, म्हणजे दगडी बांधणीचे झऱ्याचे कुंड, असेल तर ते या दिवसांत किती वाहते ते स्वतः जाऊन पाहावे. नळजोडणी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वेळ येते, हे विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या बाईला विचारावे. वर बांज म्हणजे ओकचे जंगल असेल तर ओल टिकते; सभोवती निव्वळ चीड म्हणजे पाइनची झाडे असतील तर वणव्याचा विचार करावा लागतो, कारण उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळच मानला जातो.

तिसरी फेरी ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात. पाऊस डोंगराचे खरे रूप दाखवतो. झाडांचे बुंधे तळाशी वाकून मग सरळ वर गेलेले दिसले, विजेचे खांब एकाच बाजूला कललेले असले, जुन्या बांधांची पोटे फुगलेली असली, तर माती हळूहळू सरकते आहे असे समजावे. गाड, गधेरा म्हणजे ओहोळाच्या तोंडाशी पसरलेला सपाट, मऊ, घर बांधायला अगदी सोयीचा वाटणारा तुकडा हा बहुधा त्या ओहोळानेच पूर्वी कधीतरी आणून टाकलेला गाळ असतो. ५ ऑगस्ट २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यातल्या धराली गावावर खीर गाडचा लोंढा आला, तो अशाच जागेवर. जोशीमठ जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, हा इशारा १९७६ मध्येच एका सरकारी समितीने दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले. शंका असेल तर भूवैज्ञानिकाला दिवसाची फी देऊन जागेवर न्यावे. सगळा हिमालय भूकंपाच्या पट्ट्यात आहे, हे वेगळे सांगायला नको.

५. खतौनी वाचायला शिका

आपल्याकडचा सातबारा तिथे खतौनी होतो, फेरफार म्हणजे दाखिल-खारिज, तलाठी म्हणजे पटवारी, मंडल अधिकारी म्हणजे कानूनगो, आणि गट क्रमांकाच्या जागी खसरा क्रमांक येतो. हिमाचलात खतौनीऐवजी जमाबंदी आणि दाखिल-खारिजऐवजी इंतकाल हे शब्द ऐकू येतील. एनए झालेल्या जमिनीला उत्तराखंडात '१४३ झालेली' म्हणतात, कारण तिथल्या जमीनदारी निर्मूलन कायद्याच्या कलम १४३ खाली ती घोषणा होते. खतौनी सरकारी भूलेख संकेतस्थळावर पाहता येते, पण व्यवहारासाठी तहसीलातून प्रमाणित नक्कल घ्यावी.

त्यात पुढील गोष्टी तपासाव्यात. खातेदाराची श्रेणी १ (क), म्हणजे संक्रमणीय हक्काची, आहे का? असंक्रमणीय हक्काची जमीन विकण्याचा अधिकारच खातेदाराला नसतो. खातेदार अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा असेल, तर आदिवासी जमिनीसाठीच्या आपल्या महसूल संहितेतल्या कलम ३६-अ सारखेच निर्बंध लागतात. जमीन 'नाप' आहे का? कुमाऊँत मोजणी न झालेली 'बेनाप' जमीन १८९३ च्या अधिसूचनेने संरक्षित वन ठरवली गेली होती, आणि आजही एखादा खातेदार आपल्या दोन नाप शेतांमधला बेनाप तुकडा 'हा पण आमचाच' म्हणून हात करून दाखवतो. वनपंचायतीची, म्हणजे गावाने सांभाळायच्या जंगलाची, हद्दही पटवाऱ्याकडून विचारून घ्यावी.

आणि गोलखाता. पिढ्यान्पिढ्या वाटणी न झालेल्या सामाईक खात्याला तिथे हे नाव आहे, आणि डोंगरातून शहरात गेलेल्या कुटुंबांमुळे अशी खाती गावोगावी आहेत. २०२३ साली आम्ही एका शेतासाठी ५१,००० रुपये इसार दिला. विकणारा गृहस्थ सज्जन होता, शेत तोच कसत होता, गावात कोणालाही त्याच्या मालकीविषयी शंका नव्हती. खतौनीत मात्र अकरा नावे होती. त्यांतले एक दिल्लीत, दोन हल्द्वानीत, आणि दोघांच्या वारसांची नोंदच झालेली नव्हती. अशा खात्यात एका भावाने विकलेला हिस्सा नेमका कोणत्या शेतात पडेल, हे वाटणी होईपर्यंत कोणी सांगू शकत नाही. आम्ही माघार घेतली आणि महिनोन्महिने फोन केल्यावर निम्मे पैसे परत मिळाले. दलालाने खतौनी आम्हाला आधीच दाखवली होती. आम्ही ती वाचली नव्हती, दोष कोणाला द्यायचा?

एखाद्या विकासकाचा तयार प्लॉट घेत असाल, तर प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असल्यास रेराची नोंदणी बंधनकारक असते. महारेराचा क्रमांक आपण जसा मागतो, तसाच तिथला मागावा.

६. रस्ता आणि चढउताराचा खर्च

'सडक से बस पाँच मिनट' हे पहाडी पाच मिनिटांचे अंतर आहे. पाठीवर दहा किलो वजन घेऊन ते स्वतः चालून पाहावे. गाडीरस्त्यापासून तुमच्या बांधापर्यंतची पायवाट कोणाच्या खसरा क्रमांकातून जाते, हे नकाशावर पाहावे, आणि ती दुसऱ्याच्या शेतातून जात असेल तर वहिवाटीचा उल्लेख खरेदीखतात करून घ्यावा. खाली वाळू-सिमेंटची गोणी ज्या भावाला मिळते, त्यावर खच्चराची ढुलाई, म्हणजे खेचरावरून माल वर नेण्याचा खर्च, चढली की ती किती महाग होते, याचा अंदाज गावातल्या मिस्त्रीकडून घ्यावा. उतार थोपवणारी दगडी भिंत, जिला तिकडे पुश्ता म्हणतात, हा तर घराच्या खर्चात कोणी धरतच नाही. आमच्याकडे घराचा पाया घालण्याआधी पुश्त्यावरच बजेटचा मोठा लचका गेला.

७. इसार, मोजणी, नोंदणी

इसार देण्याआधी तिथल्याच तहसीलात काम करणारा वकील स्वतः शोधावा. दलालाने सुचवलेला घेऊ नये. त्याच्याकडून मागच्या व्यवहारांचा आणि बोजांचा शोध लेखी घ्यावा. इसारपावतीत खसरा क्रमांक, चौरस मीटरमधले क्षेत्र, चतुःसीमा आणि 'कागदपत्रांत दोष आढळल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य असलेच पाहिजे. आमच्या पहिल्या पावतीत ते नव्हते. मग पटवाऱ्यासमक्ष मोजणी करून घ्यावी, त्या वेळी शेजारचे खातेदार हजर ठेवावेत आणि कोपऱ्यांवर खुणेचे दगड रोवून फोटो काढावेत.

खरेदीखताची नोंदणी जमीन ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत आहे तिथेच होते; ठाण्यात बसून ती होत नाही. पती किंवा पत्नी प्रवास करू शकत नसेल, तर नोंदणीसाठी द्यायचे मुखत्यारपत्र आपल्या इथल्या दुय्यम निबंधकासमोर प्रमाणित करून पाठवता येते. आपल्या रेडीरेकनरला तिथे सर्कल रेट म्हणतात. मुद्रांक शुल्कात महिला खरेदीदाराला सवलत आहे, म्हणून आमचे खरेदीखत माझ्या नावे झाले. कर्जावर विसंबून राहू नये : आम्ही ठाण्यात दोन बँकांत विचारले, आणि दोन्हीकडे ग्रामीण डोंगरी भूखंडाचे नाव काढताच मॅनेजरसाहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

जवळ ठेवायची कागदपत्रे आणि साधने

– तुमची : आधार, पॅन, छायाचित्रे, पत्त्याचा पुरावा, कुटुंबाने यापूर्वी अशी जमीन घेतलेली नसल्याचे शपथपत्र.
– विकणाऱ्याची : खतौनीची ताजी प्रमाणित नक्कल, गावनकाशातला खसऱ्याचा भाग, त्याच्या नावे जमीन कशी आली त्याचा दस्त किंवा वारसनोंद, सर्व सहखातेदारांची लेखी संमती.
– साधने : होकायंत्र, उंची दाखवणारे मोबाइल ॲप, ३० मीटरची फीत, सूर्याचा मार्ग दाखवणारे ॲप, आणि एक वही, ज्यात प्रत्येक फेरीची तारीख, पाण्याची स्थिती आणि बोललेल्या शेजाऱ्यांची माहिती लिहावी.

८. नोंदणीनंतर लगेच दाखिल-खारिज

खरेदीखत हातात आले की अनेक जण पेढे वाटून ठाण्याला परततात. खतौनीत नाव चढेपर्यंत महसुली नोंदीत जमीन जुन्या खातेदाराचीच दिसते, आणि दरम्यान कोणी हरकत घेतली तर ती तुम्हाला फोनवर निस्तरावी लागते. आमची नोंदणी नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आणि नाव चढले मार्च २०२५ मध्ये. मधल्या चार महिन्यांत अर्जाची पोचपावती, वकिलाचा क्रमांक आणि पटवाऱ्याचा फिरतीचा वार एवढे तीन कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवले होते. जानेवारीत बर्फामुळे पटवारी दोन आठवडे गावात पोचलाच नाही, आणि कोपऱ्यावरचे दोन दगड कोणाच्या तरी गायीने पाडले. शेजारच्या आजींनी ते जागेवर परत रोवले आणि मला तसा फोन केला.